भुरी काय म्हणाली

दीड हजार रुपये, चाळीस मिनिटं. फोटो आदल्या दिवशी पाठवायचा. त्यात कुत्र्याचे दोन्ही डोळे स्वच्छ दिसले पाहिजेत आणि शेजारी माणूस नको. सोबत कुत्र्याचं नाव, वय, घरात कोण कोण राहतं त्यांची नावं आणि जास्तीत जास्त पाच प्रश्न. पैसे आधी.

हे सगळं पुण्याच्या भाचीनं ठरवलं. तिच्या मैत्रिणीचं मांजर पलंगावर मुतायचं, ते ह्या बाईंशी बोलल्यावर थांबलं म्हणे. बाई फोटो बघून जनावरांशी मनातल्या मनात बोलतात, आणि ती काय म्हणतात ते फोनवर सांगतात. "मावशी, तू काही करू नकोस. फक्त आजीला फोनसमोर बसव आणि मध्ये मध्ये बोलू नकोस." ही शेवटची अट बाईंची नव्हती, भाचीची होती. ती मला ओळखून आहे.

भुरी जेवत नव्हती. फेब्रुवारीत बाबा गेले आणि मार्च अर्धा सरायच्या आत तिनं ताटली सोडली. यायची, हुंगायची, भाकरीचा एखादा तुकडा उचलायची आणि तोंडातून खाली टाकून माझ्याकडं बघत राहायची. दुधात कुस्करून आईनं हातानं भरवलं तरच चार घास. "सुतक पाळतीय ती," आई म्हणायची. शेजारच्या बायका येऊन भुरीच्या पाठीवरून हात फिरवत डोळे पुसायच्या. जनावरांच्या डॉक्टरकडं नेलं. त्यांनी पोट दाबून बघितलं, ताप बघितला, घरात कुणी गेलंय का विचारलं आणि मी हो म्हटल्यावर टॉनिक लिहून दिलं. एका कुत्रीच्या दुःखावर एवढं एकमत मी पहिल्यांदाच बघत होते. बाबांच्या स्वतःच्या भावंडांचंही त्या काळात एकमेकांशी पटत नव्हतं.

भुरी आमच्याकडं आली ती पुरातनं. ऑगस्ट २०१९. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४५. गावभागात आमचं घर पहिल्या मजल्यावर, आणि पाणी जिन्याच्या नवव्या पायरीला टेकलेलं. दहाव्या पायरीवर हे पिल्लू. कुणाचं, कुठनं वाहत आलं, काही पत्ता नाही. बोट आली तेव्हा आधी माणसं, सामान शक्यतो नाही, असं ओरडून सांगत होते. बाबांनी पिल्लू भाजीच्या पिशवीत घातलं, वर टॉवेल टाकला आणि पिशवी मांडीवर घेऊन बसले. बोटीतल्या जवानानं पिशवी हलताना बघितली आणि मान वळवून पाण्याकडं बघत राहिला. पुढं डॉक्टरांनी तिचं तोंड उघडून सांगितलं, दुधाचे दात पडायला लागलेत, म्हणजे चार-पाच महिन्यांची असेल. त्या चार-पाच महिन्यांत ती कुणाची होती हे आम्हाला कधीच कळलं नाही. आईच्या पाच प्रश्नांतला पहिला प्रश्न तोच होता: तुझी आई कुठं असते गं?

ठरल्या दिवशी आईनं धुतलेली साडी नेसली. भुरीला विंचरलं. फोन पितळी डब्याला टेकवून ठेवला. मी शेजारी, वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने आखून बसलेली: बरोबर, चूक. आपण किती शहाण्या आहोत हे स्वतःला दाखवायची ही माझी जुनी खोड.

बाई म्हणजे मुलगीच होती, तिशीच्या आतली. मुंबईची. मागं पांढरी भिंत, एक कुंडी. अजिबात नाटकी नाही. ना माळ, ना मळवट. एखाद्या विमा कंपनीतली समजुतदार मुलगी बोलते तसं बोलत होती. तिनं डोळे मिटले, थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मी तिची परमिशन मागितली. ती बोलायला तयार आहे. खूप गोड आहे ती, पण आधी थोडी लाजली." त्या वेळी भुरी टेबलाखाली मागच्या पायानं कान खाजवत होती.

"तिला ना, खूप जड जड वाटतंय. इथे, छातीत."

"होय की!" आई.

"ती कुणाला तरी शोधतेय. एक वयस्कर पुरुष..."

"अगं बाई!"

घरातल्या माणसांची यादी आम्हीच पाठवली होती. त्यात आई आणि मी, दोनच नावं. आईचं वय बहात्तर. वयस्कर पुरुष यादीत नाही म्हणजे कुठं असणार, हे ओळखायला टेलिपथी लागत नाही. मी चूक-बरोबरच्या मधोमध एक टिंब दिलं.

मग पाण्याचं आलं. भुरीला पाण्याची भीती वाटते, लहानपणी पाण्याशी काहीतरी झालंय. आई माझ्याकडं अशी बघायला लागली की जणू माझं बारावीचं मार्कशीट हाती आलंय. सांगलीच्या सहा वर्षांच्या कुत्र्याला पाण्याचं काहीतरी झालेलं असणारच, हे मी वहीत लिहिलं. बर्ट्रम फोरर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९४८ साली वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांना प्रत्येकाच्या नावानं स्वभाववर्णन वाटलं होतं. किती जुळतंय त्याला पाचपैकी गुण द्या म्हणाला. सरासरी आली ४.२६. मजकूर सगळ्यांना एकच होता, आणि तोही भविष्याच्या पुस्तकातनं उचललेला. हे मला माहीत होतं. माहीत असल्यानं काय होतं ते पुढच्याच मिनिटाला कळलं.

"घरात एक जागा आहे," मुलगी म्हणाली, "तिकडे ती आता जात नाही. अवॉइड करते."

आणि मी, रकाने आखून बसलेली मी, पटकन बोलून गेले, "बाथरूमच्या बोळात?"

"हां. तिकडेच. अंधारी, ओलसर जागा दाखवतेय मला."

आईनं हात जोडले. मी वही मिटली.

लहानपणी आमच्या गल्लीत नंदीबैल यायचा. अंगावर झूल, शिंगांना गोंडे, गळ्यात घुंगुरमाळ. नंदीवाला ढोलकं काठीनं घासून गुबूगुबू आवाज काढायचा आणि विचारायचा, औंदा पाऊस पडंल का? बैल मान हलवायचा. वहिनीला मुलगा होईल का? मान हलवायचा. एकदा मी बैलाकडं बघायचं सोडून मालकाच्या हाताकडं बघितलं. ढोलक्याचा ठेका प्रत्येक वेळी एका जागी जरासा मोडायचा, आणि मान तिथंच हलायची. घरी येऊन बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "मग तू विचार की, ठेका न मोडता." दुसऱ्या दिवशी बैल पुढच्या पेठेत गेलेला.

बर्लिनमध्ये असाच एक घोडा होऊन गेला. त्याचं नाव हान्स. मालक विल्हेल्म फॉन ऑस्टेन, गणिताचे निवृत्त शिक्षक. बेरीज विचारा, अपूर्णांक विचारा, कॅलेंडर विचारा, हान्स उत्तराएवढ्या वेळा खूर आपटायचा. मालक पैसे घेत नसत. १९०४ साली तेरा जणांची समिती नेमली. त्यात मानसशास्त्रज्ञ होते, सर्कसवाले होते. त्यांना लबाडी सापडली नाही, कारण लबाडी नव्हतीच. मग ऑस्कर फुंग्स्ट या तरुणानं चिकाटीनं एकेक गोष्ट तपासली. विचारणाऱ्याला उत्तर माहीत असेल तर हान्स शंभरातली ८९ उत्तरं बरोबर द्यायचा. माहीत नसेल तर सहा. विचारणारा माणूस खुराकडं बघायला किंचित वाकतो, बरोबर आकडा आला की त्याच्या नकळत त्याचं डोकं केसभर वर येतं, आणि घोडा थांबतो. इतकंच. हान्सला गणित येत नव्हतं, त्याला माणसं वाचता येत होती, आणि तेरा जणांची समिती माणसांकडं न बघता खुराकडं बघत बसली होती.

मला त्यातला सगळ्यात आवडतो तो पुढचा भाग. फुंग्स्ट स्वतः घोडा झाला. माणसांना समोर बसवून मनात आकडा धरायला सांगायचा आणि हातानं टेबलावर टकटक करत, त्यांच्या मानेकडं बघत, बरोबर जागी थांबायचा. पंचवीस जणांपैकी दोघं सोडून सगळ्यांच्या माना हलल्या. आणि हे सगळं कळल्यावरही, हान्ससमोर उभं राहिल्यावर स्वतःची मान थांबवणं काही त्याला जमलं नाही.

फॉन ऑस्टेनना हे कधी पटलं नाही. १९०९ साली ते वारले.

त्यामुळं मी त्या मुलीला लबाड म्हणणार नाही. फोनवर ती आमच्या माना बघत होती, आवाज ऐकत होती, आणि तिला मनापासून वाटत होतं की आपण भुरीला ऐकतोय. लबाड असती तर बरं झालं असतं, एकदा नीट भांडता आलं असतं. बाथरूमचा बोळ मीच तिला दिला. तो तिनं ओलसर करून मला परत दिला, आणि माझ्याही अंगावर क्षणभर काटा आला होता.

चार प्रश्न झाले. भुरीची आई "प्रकाशात" होती. भुरीला पिवळा रंग आवडत होता. पाचवा प्रश्न यादीत लिहिलेला होता, जेवत का नाहीस, पण आईनं तो विचारलाच नाही. तिनं पदर सारखा केला, फोनच्या जवळ वाकली आणि म्हणाली, "पोरी, तिला एक विचार. हे गेले तेव्हा घरात दुसरं कुणी नव्हतं. ही एकटीच होती. त्यांनी मला हाक मारली का, विचार."

आता तो दिवस सांगायला हवा. आई मिरजेला मावशीकडं गेली होती, मी बँकेत. संध्याकाळी साडेपाचला कुलूप काढलं आणि दार ढकललं तर भुरी उडी मारत आली नाही. दाराला चिकटून बसली होती. पुढच्या दोन्ही पंजांना रक्त. दाराच्या आतल्या बाजूला, माझ्या गुडघ्याच्या उंचीवर, रंग जाऊन लाकूड पांढरं दिसत होतं, खाली लाकडाचा भुसा. बाबा बाथरूमच्या बोळात पडले होते. लुंगी ओली. एक हात भिंतीशी, खोलीच्या दिशेनं. डॉक्टर म्हणाले, हार्टच, तीन-चार तास झाले असतील. शेजारच्या काकांनी आणि मी त्यांना उचलून पलंगावर घेतलं, कपडे बदलले, फरशी पुसली. सातला आई आली तेव्हा बाबा पांघरूण घेऊन झोपल्यासारखे होते. मी सांगितलं, दुपारी पडले ते उठलेच नाहीत. डुलकीतच गेले. दारावरचे ओरखडे पुढं तिला दिसले तेव्हा म्हटलं, दहाव्याला घाटावर गेलो ना, तेव्हा कोंडून ठेवल्यावर केले हिनं. काकांनाही तसंच सांगायला सांगितलं होतं.

मुलगी बराच वेळ गप्प होती. मग हळू आवाजात म्हणाली, "ते खुर्चीत बसलेत. ही पायाशी आहे. त्यांचा हात हिच्या डोक्यावर आहे."

"पलंगावर," आई म्हणाली. "पलंगावर होते ते. झोपेतच..."

"हां, आता आडवे दिसतायत. बसले होते, मग आडवे झाले. झोपलेत. खूप शांत आहे सगळं. हाक नाही मारली त्यांनी, आजी. गरजच पडली नाही. ती म्हणतेय, मी होते ना."

मी आईला मारलेली थाप आईनं फोनला दिली, आणि फोननं ती भुरीच्या नावावर आईला परत केली. मधे एक साक्षीदार वाढला, बस. आई माझ्याकडं वळली. डोळे भरलेले, पण चेहरा दोन महिन्यांत बघितला नव्हता असा सैल. "तू म्हणालीस तसंच की गं," ती म्हणाली. "हो ना?"

मी मान हलवली.

भुरी टेबलाखालनं उठली आणि माझ्या गुडघ्याला डोकं लावून उभी राहिली. ह्यात काही गूढ नाही. माझा श्वास बदलला की ती येते. तिला आंघोळ घालायचा विचार मी नुसता मनात आणला तरी ती पलंगाखाली जाते, कारण मी टॉवेलकडं बघितलेलं असतं, आणि ते मला ठाऊक नसतं. सहा वर्षं ती हान्ससारखी आम्हाला वाचत आलीय. आम्ही तिच्याकडं बघत होतो असं आम्हाला वाटत होतं.

शेवटी मुलीनं सांगितलं की भुरीला शरीराचं काही नाही, सगळं मनाचं आहे. वेळ द्या, तिच्याशी साहेबांबद्दल बोलत राहा. आम्ही वेळ दिला. ह्या एका वाक्याचा मात्र मला अजून राग आहे, कारण त्यात अडीच आठवडे गेले. आई रोज संध्याकाळी तिला मांडीशी घेऊन बाबांच्या गोष्टी सांगायची, भुरी ऐकायची आणि डाव्या बाजूनं लाळ गाळायची. मी एकदा म्हटलं, लाळ का गळतीय? आई म्हणाली, रडतीय. कुत्री अशीच रडतात.

माउलींनी पैठणला रेड्याच्या मुखातनं वेद वदवले, मग हिला का नाही बोलता येणार, असंही आई म्हणाली. मी उलट बोलले नाही. पण मनात आलं, वेद सगळ्यांनी ऐकले. रेड्याचं स्वतःचं काही म्हणणं होतं का, हे त्या गर्दीत कुणी विचारलं असेल?

एका सकाळी भुरीच्या डाव्या डोळ्याखाली सुपारीएवढी सूज होती. ह्या वेळी दुसऱ्या डॉक्टरकडं, कोल्हापूरला. त्यांनी पहिल्यांदा काय केलं असेल तर वरचा ओठ उचलला. दोन सेकंद. वरच्या जबड्यातल्या सगळ्यात मोठ्या दाढेचा बाहेरचा पापुद्रा सुटून लोंबत होता. ह्या दाढेला तीन मुळं असतात, ते म्हणाले, आणि मुळांची टोकं थेट डोळ्याखाली येतात. आत पू झाला की सूज तिथं दिसते, लोक डोळ्याचं समजून थेंब घालत बसतात. हिला हाडं देता का? मी म्हटलं, रविवारची नळी. बाबा द्यायचे. मटण आणायला जाताना तिच्यासाठी वेगळी सांगून आणायचे आणि ती कडाकडा फोडायला लागली की कौतुकानं म्हणायचे, बघ, दात बघ पोरीचे. घट्ट हाड, खूर, शिंग, ह्यानंच तुटते ही दाढ, डॉक्टर म्हणाले. किती दिवस जेवत नाही? मी सांगितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. पण बोलले काही नाहीत. माणूस चांगला.

रक्त तपासलं, भूल दिली, दाढ तुकडे करून काढली. ती एका डबीत घालून दिली मला. अजून कपाटात आहे. तिसऱ्या दिवशी भुरीनं ताटलीतली भाकरी संपवून ताटली ढकलत ढकलत बाथरूमच्या बोळापर्यंत नेली. त्या बोळात ती का जात नव्हती, ह्याचं उत्तर डॉक्टरांकडं नव्हतं आणि मी विचारलंही नाही.

आईच्या लेखी श्रेय सगळं मुंबईच्या मुलीचं. "ती म्हणालीच होती, हिला जड वाटतंय म्हणून." छातीत म्हणाली होती, दाढेत नाही, हे मी सांगून बघितलं. "जनावराला कुठं कळतंय छाती कुठली आणि दाढ कुठली," आई म्हणाली. भाचीला फोन करून तिनं सगळं सांगितलं, आणि भाचीनं आणखी दोघींना नंबर दिला.

एक गोष्ट खरी. त्या चाळीस मिनिटांनंतर आई रात्री झोपायला लागली. आधी दोन-दोन वाजेपर्यंत पलंगावर बसून असायची. त्यासाठी दीड हजार रुपये जास्त नव्हेत. भुरीचे अडीच आठवडे मात्र जास्त होते, आणि ते पैसे आमच्यातल्या कुणी दिले नाहीत.

दसऱ्याआधी घराला रंग काढला. रंगारी ओळखीचाच, पुरानंतरही त्यानंच काम केलं होतं. पुढच्या दाराशी तो वाकून बसला, आतल्या बाजूच्या खाचांतनं अंगठा फिरवला आणि विचारलं, "काकू, ह्यात लांबी भरून घेऊ? नवं दिसंल."

आई स्वयंपाकघरातनं पीठ लागलेले हात पुढं धरून बाहेर आली. दाराकडं बघितलं. मग जरा वेळ बाथरूमच्या बोळाकडं. माझ्याकडं बघितलं नाही.

"बाहेरनं काय लावायचं ते लाव," ती म्हणाली. "आतल्या बाजूला हात लावू नको."

भुरी मधोमध पसरली होती. आई तिला ओलांडून आत गेली.

रंगाऱ्यानं बिलात त्या एका बाजूचे पैसे कमी केले नाहीत, म्हणून आई संध्याकाळपर्यंत त्याच्याशी भांडत होती.